पेटीवरची पाच बटणं

मरोळच्या आमच्या ऑफिसात एका बाबतीत माझा शब्द शेवटचा. ॲपच्या तळाशी कोणती बटणं राहणार आणि वर कोणती जाणार, हे मी ठरवते. रंग कुठला, चित्रं किती, यावर बाकीचे खुशाल डोकी फोडोत. बटणांपाशी आले की साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात आणि मी नाही म्हटलं की परत जातात.

नियम साधा आहे. तळाच्या पट्टीवर टॅब. टॅब म्हणजे जायची ठिकाणं, घरातल्या खोल्या असतात तशी. वरची पट्टी म्हणजे टूलबार, तिथे त्या खोलीत करायची कामं: शोधा, लिहा, पुसा. ठिकाणं आणि कामं एकत्र कालवली की माणसाची वाट लागते. टॅब पाचच. सहावा मागायला कुणी आलं की मी विचारते, आधीच्या पाचातला कुठला काढू ते सांग. आणि टॅब खालीच, कारण माणूस फोन एका हातात धरतो आणि त्याचा अंगठा तिथेच पोचतो. एकदा एक गिऱ्हाईक टॅब वर हवेत म्हणून हटून बसलं होतं. मी म्हटलं, तुमचा अंगठा दाखवा. दाखवला. पोचतो का वरपर्यंत? नाही पोचला. मग बसा गप्प, असं म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार.

तर असा माझा तोरा. तो उतरला तो घरच्याच माणसापुढे.

माझे बाबा भजनीबुवा. गिरणीत होते तेव्हापासून गातात. गिरणी गेली, मग त्यांनी एका इमारतीची लिफ्ट चालवली, मग तीही नोकरी संपली, पण पेटी सुटली नाही. कोकणातल्या आमच्या गावच्या लोकांचं मुंबईत मंडळ आहे आणि त्या मंडळाचे बुवा म्हणजे बाबाच. नाहूरच्या घरात कपाटावर तीन जाड वह्या होत्या, बांधणी सुटलेल्या, कडा तेलकट झालेल्या. त्यांत बाबांचं सगळं गाणं. गाताना वही पेटीवर उघडी असायची, बाबा सवयीनं पानं उलटायचे, पण खरं तर ती नुसती शोभेला. बाबांना सगळं पाठ असायचं.

गेल्या थंडीत त्यांना मेंदूचा लहानसा झटका आला. हात वाचले, बोलणं वाचलं, गळाही वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. पण महिन्याभरात शेजारच्या सोसायटीत सत्यनारायण होता, तिथे बाबा गायला बसले आणि दुसऱ्या कडव्याशी गप्प झाले. पेटी वाजत होती, तोंड उघडं होतं, शब्द नव्हता. पखवाजवाल्या काकांनी ठेका लांबवला, वाजवत राहिले, कोरसनं धृपद पुन्हा घेतलं आणि वेळ निभावली. घरी आल्यावर बाबांनी आईला एवढंच सांगितलं, "शब्द खय गेलो ता कळलाच नाय गो."

नंतर मंडळाचे कार्यवाह घरी चहाला आले. गोड बोलले. बुवा, खूप केलंत, आता आराम करा, मंडळात दुसरे बुवा तयार आहेत. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. श्रावणात घाटकोपरला डबलबारी ठरली होती. डबलबारी म्हणजे दोन बुवा आमनेसामने बसतात, आळीपाळीनं गातात आणि एकमेकांना गाण्यातून, बोलण्यातून टोमणेही मारतात. लोक त्या टोमण्यांसाठीच येतात म्हणा ना. बाबा म्हणाले, "ती बारी माझी. त्या बारयेक शब्द इसारलंय, तर मियाच पेटी बंद करतलंय. तुमका सांगूची पाळी येवची नाय."

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. बाबांना ते शब्द उच्चारताना किती जड गेलं असेल, ते मला भिंतीआडून कळलं. पेटी बंद केली तर हा माणूस सकाळी उठून करणार काय? खिडकीत बसणार? सुट्या पानांच्या त्या वह्यांत गाता गाता कडवं सापडणार नव्हतं. मी त्याच रात्री ठरवलं, ॲप करायचं. एवढी वर्षं लोकांचे सेल नि ऑफर नीट मांडून दिल्या, बापाची भजनं मांडता येणार नाहीत?

तीन वह्या टाइप करायला दोन महिने गेले. मुलुंडच्या माझ्या घरून नाहूरला रिक्षानं दहा मिनिटं लागतात. शनिवार-रविवार मी तिथेच. बाबांचं अक्षर देवाला तरी लागेल की नाही शंका. कडवं लागलं नाही की मी म्हणून दाखवायचे आणि बाबा पेपर वाचता वाचता चूक दुरुस्त करायचे. गंमत म्हणजे समोर वही असली, कुणी सुरुवात करून दिली, की त्यांना सगळं आठवायचं. पहिले दोन शब्द मिळाले की पुढचं कडवं आपसूक यायचं. त्यांना हवे होते फक्त ते दोन शब्द.

मग मी टॅब मांडले. गणपती, विठ्ठल, दत्त, देवी, इतर. बरोबर पाच. वर टूलबार: शोधा, आवडती, अक्षरं लहान-मोठी, दुरुस्ती. झकास दिसत होतं. माझा जुना फोन बाबांना दिला, त्यात त्यांचं सिम घातलं आणि एका रविवारी सकाळी पेटीवर ठेवला. पखवाजवाले काकाही आले होते. काका बाबांचे गिरणीपासूनचे सोबती, तोंडानं फटकळ, पण बाबांवर जीव.

बाबा गायला लागले आणि दोन मिनिटांत पडद्यावर विठ्ठलाच्या अभंगाचा देवीचा जोगवा झाला. पुन्हा लावलं. पुन्हा दत्तावर गेलं. मला काही कळेना. बाबा थांबले. "ह्या आपसूक पळता गो."

"तुम्ही हात लावताय बाबा."

"हात लावूक हात खय असा? एक हात सुरांवर, एक भात्यावर. ता तुझा शोधा शोधा काय असा, ता काय नाकान दाबू?"

काका खदाखदा हसले. मला राग आला. दोन महिने डोळे फोडून टाइप केलेलं, ते असं हसण्यावारी. मी म्हटलं, फोन नीट ठेवा, थोडा वर सरकवा. सरकवला तर चष्म्यातून दिसेना. खाली घेतला तर पुन्हा पळापळ. तासभर हेच. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "जमत नाही तर सरळ सांगा ना, मी कशाला मरू?"

बाबांनी भात्याची कडी लावली, पेटीवर कापड घातलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. माझी जीभ झडली का नाही त्या वेळी! ज्या माणसाला "आता जमणार नाही" हे सगळं जग गोड शब्दांत सांगत होतं, त्याला मी ते तिखट शब्दांत सांगितलं. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन आईची भांडी घासायला घेतली.

काका मागून आले. ते मला लहानपणापासून चेडू, म्हणजे पोर, म्हणतात. दाराला टेकून उभे राहिले नि म्हणाले, "चेडवा, तू शिकलेली. पण माका सांग, बुवा गाताना देव शोधता काय? बुवाक देव शोधूचो नसता. फुडचा काय ता शोधूचा असता."

मी साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिले. पुढचं काय! आमच्या मंडळाची बारी ठरलेल्या क्रमानं जाते. आधी नमन, मग रूपावली म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन, मग अभंग, मग गवळण, शेवटी गजर. लहानपणापासून मी हे ऐकत आलेय, मांडीवर झोपलेय यात. तरी मी टॅब लावले ते पुस्तकाच्या दुकानात लावतात तसे. दुनियेला विचारत फिरते, तुमचा माणूस ॲप कुठे उभा राहून वापरणार. आणि माझा माणूस मांडी घालून पेटीमागे बसतो, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी गॅलरीत गेले. "बाबा, चुकलं माझं. तुम्ही फोन सोडा, नुसते गा. मला बघू द्या."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "रडलंस काय गो?"

"भांडी घासत होते."

ते आत आले. मी फोन उचलला आणि त्याच्या मापाचा पुठ्ठा कापून पेटीवर ठेवला. मग देवघरातून हळद-कुंकू आणलं. बाबांच्या उजव्या हाताच्या बोटांना हळद लावली, डाव्याच्या बोटांना कुंकू. आई ओरडली, अगं पेटीचं काय करतेस, लग्न लावतेस का तिचं? मी म्हटलं, पुसून देते, थांब. बाबा, गा आता, आणि मध्ये पान उलटावंसं वाटलं की ज्या हातानं उलटाल त्यानं पुठ्ठ्याला हात लावा.

अर्ध्या तासानं पुठ्ठा बघितला. खालची कड पिवळीधमक. उजव्या हाताची बोटं सुरांवरून मागे येताना आणि झब्ब्याची बाही सरकताना तिथेच घासत होती, म्हणजे नेमकी माझ्या टॅबांवर. आणि वर डाव्या कोपऱ्यात कुंकवाचे ठिपके. भाता पेटीच्या मागच्या अंगाला असतो, तिथे डावा हात. दोन-तीनदा जोरानं हवा भरली की क्षणभर तो हात मोकळा होतो, तेवढ्यात तो वहीचं पान उलटतो. बाबांनी आयुष्यभर तेच केलं होतं. अंगठ्याचा तर कुठे संबंधच नव्हता.

म्हणजे टॅब वर हवे होते. मी, जिनं आठ वर्षांत कुणाला टॅब वर नेऊ दिले नाहीत, तिनं ते त्या दुपारी स्वतः वर नेले. वाईट वाटलं नाही. नियम खोटा नव्हताच. हात कुठे पोचतो तिथे बटण, हाच तो नियम. मी त्यातला हात बघायला विसरले होते.

नमन, रूपावली, अभंग, गवळण, गजर. पाच टॅब, वर, डावीकडून सुरू. बोटभर उंचीचे. उघड्या टॅबलाच पुन्हा बोट लावलं की पुढचं कडवं. टूलबार सगळा काढून टाकला. गाताना शोधायचं नाही, पुसायचं नाही. खालची चार बोटं जागा मोकळी सोडली, कितीही हात लागो, काही हलणार नाही. अजून एक दुरुस्ती काकांनी सुचवली. अभंग गाता गाता बुवा मध्येच गजर घेतात आणि परत अभंगावर येतात. परत आल्यावर जिथे सोडलं होतं तेच कडवं समोर हवं. माझ्या ॲपमध्ये दुसऱ्या टॅबवरून परत आलं की पान वरून सुरू व्हायचं, बऱ्याच ॲपमध्ये तसंच असतं. ते बदललं. ज्या कडव्यावर सोडाल त्याच कडव्यावर परत याल.

पुढचे पाच रविवार बाबा त्याच्यावर गायले. पहिल्या दिवशी चारदा अडकले, शेवटच्या दिवशी एकदाही नाही. काका म्हणाले, "आता समोरच्या बुवाची काय खैर नाय." मी ऑफिसात उगाचच सगळ्यांशी गोड वागत होते.

घाटकोपरच्या एका सभागृहात रविवारी दुपारी चारला बारी होती. सतरंजीवर पहिल्या रांगेत मी, बाबांच्या पेटीच्या बाजूला. आईचे गुडघे खाली बसू देत नाहीत, ती घरीच. कार्यवाह बाजूला खुर्चीत, पुढचे बुवा म्हणून ठरवलेले गृहस्थ त्यांच्या शेजारी. मंडळाबाहेर कुणालाही बाबांच्या आजाराची खबर नव्हती. ती लागू नये अशीच बाबांची इच्छा होती.

नमन सुंदर झालं. रूपावलीत बाबांचा डावा हात एकदा भात्यावरून सुटला, पट्टीला लागला, परत गेला. अभंगात गजर घेतला, गजरावरून परत अभंगात आले, नेमके त्याच कडव्यावर. शेजारच्या बाईला मी म्हणणार होते, बघा, हे मी केलंय. कशीबशी गप्प राहिले. माझा ऊर असा भरून आला होता की विचारू नका.

मग गवळण. दुसरं कडवं संपलं, कोरसनं धृपद झेललं, बाबांनी भाता तीनदा दाबला आणि हात पुढे केला. आणि हात तसाच राहिला.

मी मान उंचावली तसं मला दिसलं. फोनच्या वरच्या भागात हिरवा-लाल पट्टा उतरला होता. फोन आला होता. आवाज मी बंद केला होता, पण फोन येणं बंद करायचं विसरले होते. आणि आलेला फोन पडद्याच्या वरच उतरतो, जिथे मी मोठ्या ऐटीत टॅब नेऊन ठेवले होते. बाबांनी दाबलं. फोन उचलला गेला आणि गवळण पडद्यावरून नाहीशी झाली.

धृपद संपलं. काकांनी पखवाजावर ठेका लांबवला. कोरसनं पुन्हा धृपद घेतलं. बाबांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तसं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कार्यवाह खुर्चीत पुढे सरकले. धृपद दुसऱ्यांदा संपत आलं होतं.

मला ते कडवं येत होतं. का नाही येणार? मी ते टाइप केलं होतं, बाबांचं गिचमिड अक्षर लागेना म्हणून दहादा मोठ्यानं म्हटलं होतं. मी सतरंजीवरून त्याचे पहिले दोन शब्द सांगितले. सांगितले कसले, ओरडलेच. सुरात होतं की नाही देव जाणे.

बाबांनी ते दोन शब्द घेतले आणि पुढचं कडवं असं काही उचललं की टाळकऱ्यांचे टाळ क्षणभर मागे पडले. पुढची दोन कडवी त्यांनी फोनकडे न बघता गायली. गवळण संपली, समोरच्या बुवांची पाळी आली. मी सगळ्यांदेखत उठले, पेटीपाशी गेले, चालू असलेला फोन बंद केला, विमानाचं चिन्ह दाबलं, गजराचा टॅब लावून ठेवला आणि जागेवर येऊन बसले.

समोरचे बुवा काय सोडतात! पेटीवर सूर धरून म्हणाले, "काय ओ मंडळी, आमच्या बुवांची वही बघितलात? बुवा इसारले की वही मोठ्यान बोलता. आणि बोलान भागला नाय, तर उठान चलत येता!"

सभागृह हसलं. तेही मनापासून, टोमणा होताच तसा. मलाही हसू आलं असतं, पण मी बाबांकडे बघत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी लगेच पेटीला हात लावला नाही.

"बुवा," ते म्हणाले, "खरा असा. माझी वही बोलता. तुमची बोलना नाय." लोक हसले. बाबा थांबले. "ता माझा चेडू. गेल्या थंडीत मी आजारी पडलंय. माझे शब्द गेले. सगळ्यांनी सांगितल्यानी, आता बसा. ह्या चेडवान तीन वह्ये आपल्या हातान उतरल्यान आणि माझे शब्द माका परत हाडून दिल्यान. आता बोला, तुमच्या वहीयेक ता जमात काय?"

टाळ्या कधी सुरू झाल्या मला कळलं नाही. समोरच्या बुवांनी बसल्या जागेवरून हात जोडले. मी पदराला डोळे पुसले, आणि पदर नव्हता, ओढणी होती, तीही शेजारच्या बाईची. ती म्हणाली, राहू दे गं, पूस. मग बाबांनी गजर धरला.

बारी संपल्यावर कार्यवाह पेटीपाशी आले. थोडं घुटमळले. मग म्हणाले, "बुवा, नवरात्रातली तारीख तुमच्या नावानंच धरतो." बाबांनी मान डोलावली आणि चष्मा पुसायला घेतला.

घरी दार उघडताच आई म्हणाली, "कशी चाललीय म्हणून विचारायला फोन केला, तर कुणी बोलेच ना. नुसती गवळण. मी ऐकत बसले." मी कपाळावर हात मारला. म्हणजे तो फोन हिचा! आईनं माझ्याकडे बघितलं. "मध्येच कडवं कुणी सांगितलं गं? तुझाच आवाज वाटला."

मी काही बोलायच्या आत बाबांनी पेटी कोपऱ्यात ठेवली, तिच्यावर कापड घातलं आणि आईला म्हणाले, "नवरात्राच्या बारयेक फोन असांदे. पण हिका सतरंजयेवर बसवूचा नाय. ही माझ्या डाव्या हाताक बसतली."